देवाच्या हृदयाचें दुःख

(सुवर्णमहोत्सवाच्या पूर्वतयारीच्या त्रिदिन प्रार्थनेंत धर्मगुरूंनीं दिलेलें व्याख्यान)



महोत्सवाच्या मंडळानें या तीन दिवसांच्या प्रार्थनेसाठीं आम्हांस विषय विचारला, तेव्हां आम्हीं देवाचें दुःख हा विषय सांगितला. मंडळांतील एकदोन वडीलधाऱ्या गृहस्थांच्या मुद्रेवर किंचित् नाराजी दिसली. देवळावर दिव्यांच्या माळा चढत आहेत, वाजंत्र्यांस विसार दिला गेला आहे, स्वयंपाकाच्या याद्या तयार होत आहेत. अशा वेळीं दुःखाची गोष्ट कशाला, असें त्यांचें म्हणणें पडलें. तें गैर होतें असें आम्ही म्हणणार नाहीं.

तथापि त्या शंकेचें उत्तर पवित्र शास्त्रांतच आहे. पन्नासावें वर्ष महोत्सवाचें मानावें ही आज्ञा लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायांत आहे. त्या वर्षीं विकली गेलेली जमीन मूळ धन्यास परत मिळावयाची, कर्जापायीं दुसऱ्याच्या घरीं राबणारा मनुष्य आपल्या मुलाबाळांत परतावयाचा, शेतासही विसांवा मिळावयाचा. पण तें वर्ष पुकारणारें रणशिंग कोणत्या दिवशीं फुंकावयाचें? कापणीच्या सणांत नव्हे, वल्हांडणाच्या रात्रींही नव्हे. सातव्या महिन्याच्या दहाव्या दिवशीं, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवशीं. ज्या दिवशीं सारी प्रजा उपवास करून आपल्या पापांसाठीं देवापुढें नम्र होत असे, नेमक्या त्या दिवशीं. इस्राएलाचा महोत्सव प्रायश्चित्ताचा उंबरठा ओलांडूनच घरांत येत असे. मग आपल्याही महोत्सवानें त्याच दारानें यावें, एवढाच आमचा आग्रह आहे. वाजंत्री रविवारीं आहेच.

उत्पत्तीच्या सहाव्या अध्यायांत, जलप्रलयाच्या आधीं, एक असें वचन आहे कीं त्यापाशीं वाचणारा क्षणभर थबकतो. पृथ्वीवर मनुष्याची दुष्टाई फार वाढली, त्याच्या मनांत उठणारी प्रत्येक कल्पना वांकडीच निघूं लागली, हें परमेश्वरानें पाहिलें. आणि या प्राण्यास आपण घडविलें याची त्यास हळहळ वाटून त्याचें हृदय व्यथित झालें, असा तेथील आशय आहे. प्रलयाची कथा सांगतांना आपण बहुधा देवाच्या कोपाविषयीं बोलतों. लहान मुलांस भीति घालावयासही ती कथा उपयोगी पडते. पण मूळ कथा काळजीपूर्वक वाचून पाहावी. तेथें कोपाचा शब्द नाहीं. तेथें व्यथेचा शब्द आहे. आणि त्या हिब्रू शब्दाचा धातु तोच आहे, जो तिसऱ्या अध्यायांत हव्वेच्या प्रसूतिवेदनांसाठीं व आदामाच्या शेतांतील कष्टांसाठीं योजिला आहे. पापामुळें जी कळ स्त्रीच्या उदरांत आणि पुरुषाच्या बाहूंत शिरली, तीच सृष्टिकर्त्याच्या हृदयांत शिरली, असें पवित्र लेखक सुचवितो.

ही कथा आपल्या भाषेंत आजची नाहीं. १५७९ सालीं गोव्यास आलेले इंग्लंडचे येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांनीं सृष्टीच्या आरंभापासून प्रभूच्या स्वर्गारोहणापर्यंतचा इतिहास दहा हजारांहून अधिक ओव्यांत गुंफिला, आणि तें क्रिस्तपुराण १६१६ सालीं गोव्यांतील रायतूर येथें छापून निघालें. ज्ञानेश्वर-एकनाथांच्या ओवीचा छंद घेऊन नोहाची नौका मराठी मुलुखांत आली, त्यास चारशेंहून अधिक वर्षें झालीं. हें अशासाठीं सांगतों कीं, आपला धर्म परका आणि आपली भाषा निराळी, असा ज्यांचा समज करून देण्यांत येतो त्या आपल्या तरुणांस हें ठाऊक असावें. असो.

आतां एक अडचण. धर्मशास्त्र शिकणाऱ्या तरुणांस, मग ते आपल्या सेमिनरी हिल्सच्या टेकडीवर शिकत असोत कीं रोममध्यें, हें वचन हटकून अडवितें. परमेश्वर परिपूर्ण आहे. त्यास उणें असें कांहीं नाहीं. त्याच्यांत विकार नाहींत, पालट नाहीं, असें संत थॉमस अक्वायनस शिकवितात आणि तें खरें आहे. जो देव आपल्या दुष्टपणानें खचून जाईल, त्याच्या हातीं आपण आपलें तारण कसें सोंपवावें? बुडणाऱ्यास तारणारा काठावर पक्का उभा असावा लागतो. मग देवास दुःख झालें म्हणजे काय झालें? केवळ मनुष्यांच्या बोलीनें बोललेला अलंकार, एवढ्यावर भागवावयाचें काय?

अलंकार तर तो आहेच. पण ज्या देवानें तो अलंकार लिहविला, त्यानें काळाच्या पूर्णतेनें तो अलंकार देहानें खरा करून दाखविला. इ. स. ४५१ मध्यें काल्सेदोन येथें भरलेल्या महासभेनें जी श्रद्धा शब्दबद्ध केली ती आपण जाणतां: येशू ख्रिस्त ही एकच व्यक्ति, आणि तिचे दोन स्वभाव, एक ईश्वरी व एक मानवी. या सूत्राचा अर्थ विद्वानांपुरता नाहीं. मरियेच्या पुत्राच्या डोळ्यांतून जो अश्रु ओघळला, तो देवपुत्राचा अश्रु होता. जें दुःख देवास आपल्या ईश्वरी स्वभावांत सोसतां येत नव्हतें, तें सोसतां यावें म्हणून त्यानें आपलें मांस आणि रक्त घेतलें. गोठ्यांतील बाळाकडे पाहतांना हें आपल्या ध्यानांत राहत नाहीं.

लूकच्या शुभवर्तमानाचा एकोणिसावा अध्याय काढा. प्रभु गाढवाच्या शिंगरावर बसून जैतुनाच्या डोंगराची उतरण उतरत आहे. शिष्यांचा सारा समुदाय मोठमोठ्यानें देवाची स्तुति करीत आहे. वाटेवर वस्त्रें अंथरलीं आहेत. तो एक महोत्सवच होता. आणि त्या गजराच्या ऐन मध्यावर, वळणावरून शहर दृष्टीस पडतांच, प्रभु रडला. शहर त्या वेळीं उध्वस्त नव्हतें. हेरोदानें वाढविलेलें मंदिर उन्हांत झळकत होतें, वल्हांडणाची गर्दी दाटत होती, व्यापार तेजींत होता. इ. स. ७० मध्यें रोमन सैन्यानें तें मंदिर जाळलें. प्रभूस तो दिवस आधींच दिसत होता. परंतु नुसत्या चिऱ्यांसाठीं तो रडला नाहीं. आपलें भलें कशांत आहे हें त्या नगरीस उमजलें नाहीं, देव तिच्या दारीं आला असतां तिनें त्यास ओळखलें नाहीं, यासाठीं तो रडला. गाणाऱ्यांपैकीं किती जणांनीं मान वळवून त्याच्या मुखाकडे पाहिलें असेल? लूक तें सांगत नाहीं. गाणें चालूच राहिलें, एवढें मात्र दिसतें.

आपल्यापैकीं बहुतेकांच्या घरीं बाहेरच्या खोलींत पवित्र हृदयाची तसबीर असते. तिच्याखालीं तांबडा दिवा असतो. पूर्वीं तो तेलाचा असे, आतां विजेचा. घरच्या माणसांस ती तसबीर इतकी अंगवळणीं पडलेली असते कीं त्या हृदयाभोंवतीं कांटे कां आहेत, तें विंधलेलें कां आहे, हें एखाद्या लहान मुलानें विचारल्यावांचून कोणाच्या मनांतही येत नाहीं. फ्रान्समधील पारे-ल-मोनियाल येथील मठांत १६७३ ते १६७५ या काळांत संत मार्गारेट मेरी आलाकॉक या मठवासिनीस प्रभूनें आपलें हृदय दाखविलें, आणि मनुष्यें आपल्या प्रीतीची फेड कृतघ्नतेनें करितात अशी खंत तिच्यापाशीं बोलून दाखविली. आपल्या घरांतील तसबिरीचा उगम तो आहे. आणि येथें नागपूरकरांस जवळचें असें कांहीं आहे. मार्गारेट मेरी ज्या विझिटेशन संस्थेची होती, ती संस्था १६१० सालीं आनेसी येथें संत फ्रान्सिस डी सेल्स यांनीं संत जेन द शांताल यांच्यासह स्थापिली. त्याच आनेसींत संत फ्रान्सिसच्या नांवाचा धर्मगुरूंचा संघ १८३८ सालीं निघाला. त्याचे धर्मगुरु त्याच शतकाच्या मध्यास समुद्र ओलांडून हिंदुस्थानांत आले आणि विशाखापट्टणमकडून चालत या मध्य भागांत, कामठीच्या छावणींत व नागपूर नगरींत पोंचले. १८८७ सालीं नागपूर स्वतंत्र धर्मप्रांत झाला. महामंदिरही त्याच संताच्या नांवें उभें आहे. सांगावयाचें इतकेंच कीं, ज्या झऱ्यावर पवित्र हृदयाची भक्ति वाढली, त्याच झऱ्याचें पाणी आपल्या धर्मप्रांतास मिळालें. तांबडा दिवा बदलतांना याची आठवण असावी. पोप अकरावे पायस यांनीं १९२८ सालीं व पोप फ्रान्सिस यांनीं २०२४ सालीं पवित्र हृदयावर परिपत्रें लिहिलीं, तीं जिज्ञासूंनीं मिळवून वाचावीं. आम्हांस येथें दुसरीकडे जावयाचें आहे.

कारण देवाच्या दुःखाविषयीं बोलतांना तें सारें यरुशलेम आणि पारे-ल-मोनियाल येथेंच घडलें, असें वाटूं लागण्याचा धोका असतो.

आपल्या शेजारच्या भंडारा जिल्ह्यांत, मोहाडी तालुक्यांत, खैरलांजी नांवाचें लहानसें गांव आहे. २९ सप्टेंबर २००६ हा शुक्रवार होता. आपल्या दिनदर्शिकेंत तो संत मायकल, गॅब्रिएल व राफाएल या महादूतांचा सण. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं नागपुरांत १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं धम्मदीक्षा घेतली, तिला त्या वर्षीं पन्नास वर्षें पूर्ण होत होतीं. दसरा तोंडावर आला होता, आणि गांवोगांवचे लोक दीक्षाभूमीकडे निघण्याच्या तयारींत होते. तेंही सुवर्णमहोत्सवाचेंच वर्ष होतें. त्या सायंकाळीं खैरलांजींतील एका बौद्ध शेतकरी कुटुंबाच्या घरावर जमाव चालून गेला. शेतजमिनीच्या वादाची कुरबुर जुनी होती; शिवाय घरच्या मातेनें व मुलीनें मारहाणीच्या एका प्रकरणांत साक्ष दिली होती, आणि त्या प्रकरणांतील आरोपी त्याच दिवशीं जामिनावर सुटले होते. आई, मुलगी आणि दोन मुलगे, अशीं चौघें मारलीं गेलीं. घरधनी भैयालाल भोतमांगे तेवढे वांचले. त्या चौघांचे काय हाल झाले तें आम्ही येथें सांगणार नाहीं. मेलेल्यांची विटंबना शब्दांनीं पुन्हां करूं नये.

भंडाऱ्याच्या न्यायालयानें सप्टेंबर २००८ मध्यें आठ जणांस दोषी ठरविलें व त्यांपैकीं सहांस फांशीची शिक्षा सुनावली. जुलै २०१० मध्यें मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें ती बदलून पंचवीस वर्षांचा कारावास ठरविला. जातीच्या द्वेषापायीं ही हत्या झाली, हें न्यायालयांत मान्य झालें नाहीं, आणि तें शल्य अनेकांच्या मनांत राहिलें. भैयालाल अखेरपर्यंत न्यायासाठीं खेटे घालीत राहिले. जानेवारी २०१७ मध्यें ते नागपुरांत वारले.

अशा प्रसंगीं मनुष्य विचारतो कीं देव कोठें होता. विचारूं नये असें आम्ही म्हणत नाहीं; ईयोबानें विचारलें, स्तोत्रकर्त्यानें विचारलें. पण त्याच्या आधीं देवानें एक प्रश्न विचारून ठेविला आहे. हाबेलाचें रक्त सांडल्यावर त्यानें काइनास त्याच्या भावाचा ठावठिकाणा विचारला, आणि तें रक्त भूमींतून आपल्याकडे ओरडत आहे असें सांगितलें. त्या शेताच्या बांधावर दुसरा साक्षीदार नव्हता. होता तो एकच, आणि त्यास ऐकूं येत होतें. खैरलांजीच्या त्या सायंकाळीं ज्यांस ऐकूं आलें व ज्यांनीं कवाड लावून घेतलें असेल, त्यांचा हिशेब आम्ही करणार नाहीं. परंतु गोल्गोथा मानणाऱ्या मनुष्यास एवढें म्हणतां येतें कीं, जमावाच्या तावडींत सांपडलेल्या निरपराध्याची जागा परमेश्वरास ओळखीची आहे. तेथें तो उभा राहिलेला आहे. त्याच्या दुःखाचा पत्ता तेथला आहे. त्या चौघांचा धर्म आपला नव्हता, म्हणून तें दुःख आपल्या देवाचें नव्हे, असें जर कोणास वाटत असेल तर त्यानें उत्पत्ति पुन्हां वाचावी. देवाचें हृदय व्यथित झालें तेव्हां पृथ्वीवर एकही इस्राएली जन्मला नव्हता.

आतां पुन्हां प्रलयाकडे चलावें, कारण आशेचें बीज तेथेंच पुरलेलें आहे, आणि तें फार जणांच्या पायांखालून निसटतें. सहाव्या अध्यायांत मनुष्याच्या मनाचा कल वाईट आहे असें देव पाहतो, आणि त्यावरून प्रलय होतो. पाणी चढतें, पाणी उतरतें, नोहा बाहेर येऊन वेदी बांधतो. आठव्या अध्यायाच्या शेवटीं परमेश्वर पुन्हां आपल्या हृदयांत बोलतो. काय बोलतो? मनुष्याच्या मनाचा कल लहानपणापासून वाईटच आहे, हेंच. निदान जसें होतें तसेंच आहे. प्रलयानें त्यांत तिळमात्र फरक पडलेला नाहीं. फरक पडतो तो निर्णयांत. त्याच कारणास्तव, त्याच दुष्टाईकडे पाहून, देव आतां म्हणतो कीं यापुढें असा नाश करणार नाहीं. पेरणी आणि कापणी, थंडी आणि ऊन, दिवस आणि रात्र चालूं राहतील. जें कारण आधीं शिक्षेचें होतें, तेंच आतां दयेचें झालें. न्यायाधीशानें एकाच पुराव्यावर दोन निकाल दिले, असें एखादा वकील म्हणेल. पण आईबापांस हें समजावें लागत नाहीं. पोर वाईट चालीचें आहे म्हणून बाप त्यास घराबाहेर काढतो, आणि पोर वाईट चालीचें आहे, त्याला दुसरें कोण आहे, म्हणून तोच बाप रात्रीं कडी काढून ठेवितो.

याचा अर्थ असा कीं दुष्टाईचें दुःख नाहींसें करण्याचे दोन मार्ग देवापुढें होते. दुष्टास पुसून टाकावें, किंवा तें दुःख आपणच वाहावें. इंद्रधनुष्याच्या दिवशीं त्यानें दुसरा मार्ग पत्करला, आणि तो मार्ग गेथशेमनेच्या बागेपर्यंत जातो. तारणाची सारी कथा म्हणजे त्या एका निवडीची किंमत आहे.

कृपा ही किंमत मोजलेली असते, म्हणूनच ती स्वस्त करून विकणें हा मोठा अपराध आहे. येथें एक उदाहरण देतों. सातपुड्यापलीकडे, मध्य प्रदेशाच्या देवास जिल्ह्यांतील उदयनगर भागांत, सिस्टर राणी मरिया या फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संस्थेच्या मठवासिनी आदिवासी शेतमजुरांत काम करीत. त्यांचा जन्म १९५४ चा, केरळमधला. सावकाराच्या व जमीनदाराच्या कचाट्यांतून गरिबांनीं सुटावें, आपले हक्क ओळखावे, पैसा गांठीस ठेवावा, असें त्या शिकवीत. अर्थात् ज्यांचें यानें नुकसान होत होतें त्यांस त्या नकोशा झाल्या. २५ फेब्रुवारी १९९५ रोजीं, चालत्या प्रवासी गाडींत, सहप्रवाशांच्या देखत, समुंदर सिंग नांवाच्या तरुणानें त्यांस सुऱ्यानें भोंसकून मारलें. जन्मठेप झाली. तुरुंगांत असतां तो सूडाच्याच गोष्टी मनांत घोळवीत होता. पुढें राणी मरियांच्या धाकट्या भगिनी सिस्टर सेल्मी पॉल तुरुंगांत गेल्या, आणि २००२ सालीं रक्षाबंधनास त्यांनीं आपल्या बहिणीचा प्राण घेणाऱ्या त्या हातास राखी बांधली. कुटुंबानें त्याच्या सुटकेसाठीं अर्जावर सह्या केल्या. २००६ सालीं, म्हणजे खैरलांजी घडली त्याच वर्षीं, तो सुटला. नंतर तो केरळांत त्या घरीं गेला व त्या मातापित्यांनीं त्यास आंत घेतलें. ४ नोव्हेंबर २०१७ रोजीं इंदूर येथें राणी मरियांस धन्य घोषित करण्यांत आलें.

राखी आपल्या उपासनेंतली वस्तु नव्हे, ती शेजारच्या घरांतली. पण त्या दिवशीं त्या एका दोऱ्यानें जें केलें तें आम्ही वर्षानुवर्षें व्यासपीठावरून समजावूं शकलों नसतों. तुरुंगानें त्या मनुष्याचे हात बांधले होते. मन मोकळें झालें तें ज्यांचें दुःख सर्वांत मोठें त्यांनीं तें दुःख सूडावांचून वाहिलें म्हणून.

तथापि एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. हें उदाहरण खैरलांजीच्या बापापुढें नेऊन ठेवणें व त्यास क्षमा करावयास सांगणें, हा अधिकार आपला नव्हता आणि नाहीं. क्षमा ही ज्याच्या काळजावर घाव झाला त्याची देणगी आहे. ती मागून घेण्याची वस्तु नव्हे, आणि तिसऱ्यानें तर मुळींच मागूं नये. दुर्बळास क्षमेचा उपदेश करणें सोपें असतें, त्यास न्याय मिळवून देण्यापेक्षां कितीतरी सोपें. ज्या एकोणिसाव्या अध्यायांत प्रभु यरुशलेमेसाठीं रडला, त्याच अध्यायाच्या आरंभीं जक्कय आहे. कृपा त्याच्या घरीं जेवावयास आली, आणि त्यानें काय केलें? अर्धी मालमत्ता गरिबांस, आणि ज्यांस लुबाडलें त्यांस चौपट. त्यानें डोळे पुसले कीं नाहीं तें लूकनें लिहिलें नाहीं. आंकडे मात्र लिहिले आहेत.

आतां आपला हिशेब. खैरलांजी भंडाऱ्यास आहे, आपण नागपुरास, आणि शिवाय आपण ख्रिस्ती, असें म्हणून कोणास सुटतां येणार नाहीं. भारतीय कॅथॉलिक धर्माध्यक्षांच्या परिषदेनें डिसेंबर २०१६ मध्यें दलित ख्रिस्ती जनांविषयीं आपलें धोरण प्रसिद्ध केलें, आणि ख्रिस्तसभेच्या आंतही जातिभेद पाळला जातो हें त्यांत उघड मान्य केलें. तें वाचून बाहेरच्यांस आश्चर्य वाटलें असेल. आपणांस वाटावयाचें कारण नाहीं. मिस्साच्या वेळीं वेदीपाशीं सारे एकाच भाकरीचे वाटेकरी. आणि मुलीचें स्थळ पाहतांना मंडळी हलक्या आवाजांत विचारितात कीं, ते मूळचे कोण? बाप्तिस्म्याच्या पाण्यानें आदामाचें पाप धुतलें जातें अशी आपली श्रद्धा आहे, मग त्या पाण्यानें हा प्रश्न कां धुतला जात नाहीं? मराठी, तमिळ, मल्याळी, गोंयकार, छोटानागपूरकडून आलेले. या देवळांत सर्वांच्या बसण्याच्या जागा जणूं आंखलेल्या आहेत. भाषेमुळें तसें होतें असें म्हणतात. कांहीं अंशीं तें खरेंही असेल. पण मंडळाच्या याद्या चाळतांना, वाढपी कोण आणि मानाच्या खुर्चीवर कोण हें पाहतांना, केवळ भाषेचें कारण पुरत नाहीं.

हें ऐकून कोणी रागावलें असल्यास रागवावें. ज्यास वाईट वाटलें त्याच्याविषयीं मात्र आम्हांस अधिक आशा आहे. पौलानें इफिसकरांस पवित्र आत्म्यास खिन्न करूं नका असें लिहिलें, तेव्हां त्यानें चोरी आणि कडूपणा, शिवीगाळ आणि खोटें बोलणें यांचीच नांवें घेतलीं होतीं. म्हणजे देवास खिन्न करावयास जमाव आणि शस्त्रें लागतातच असें नाहीं, घरगुती शब्दही पुरतात. आणि ज्यास स्वतःच्या अशा शब्दाचें वाईट वाटतें, त्याच्या हृदयांत देवाच्या हृदयाचा एक ठोका पडलेला असतो. हें वाईट वाटणें तो स्वतः उत्पन्न करूं शकत नाहीं. तें आलें असेल तर देणारा आधींच दारांत आलेला आहे.

दुसऱ्या टोंकाचीं माणसेंही या देवळांत आहेत, त्यांस आम्ही विसरलों नाहीं. ज्यांस आपलें पाप इतकें जड वाटतें कीं देवाचें दुःख ऐकून ते अधिकच खचतात. आमच्याच पायीं त्यास दुःख, मग आम्ही कोणत्या तोंडानें जावें, असें म्हणणारे. त्यांच्यासाठीं आपल्या धर्मप्रांताच्या पालक संताची गोष्ट आहे. १५८६ सालच्या हिवाळ्यांत फ्रान्सिस पॅरिसमध्यें शिकत होता, वय एकोणीस. देवानें कोणास तारावयाचें व कोणास टाकावयाचें हें आधींच ठरविलें आहे, या तत्कालीन वादानें त्यास घेरलें, आणि आपण टाकलेल्यांपैकीं आहों अशी त्याची खात्री होत चालली. सुमारें सहा आठवडे त्याचें अन्नपाणी व झोंप उडाली. अखेर एके दिवशीं तो संत एतिएन-द-ग्रे या देवळांत देवमातेच्या काळ्या मूर्तीपुढें गुडघे टेंकून बसला, आणि त्यानें सौदा सोडून दिला: परलोकीं आपलें काय व्हावयाचें तें होवो, या लोकीं तरी आपण देवावर प्रीति करीत राहूं. तो उठला तेव्हां तें ओझें उतरलेलें होतें. त्याच मुलानें पुढें धर्माध्यक्ष झाल्यावर देवाच्या प्रीतीवर मोठा ग्रंथ लिहिला, आणि तो ग्रंथ प्रसिद्ध झाला तें वर्ष १६१६. म्हणजे रायतुरास क्रिस्तपुराण छापलें गेलें तेंच. कठोरतेच्या त्या काळांत त्यानें देवाचें हृदय मृदु आहे असें जन्मभर सांगितलें. आणि १८७७ सालीं पवित्र सभेनें त्यास आचार्यपद दिलें. ज्यास वाटलें होतें कीं आपण बुडालों, त्याच्याच नांवाच्या महामंदिरांत नागपूरचे धर्माध्यक्ष आज बसतात.

२०२५ या पवित्र वर्षासाठीं पोप फ्रान्सिस यांनीं आशा हा विषय ठरविला होता, हें आपणांस आठवत असेल. आशा म्हणजे सारें ठीक होईल असें म्हणत राहणें नव्हे. प्रलयानंतर नोहानें जमिनींत पहिली वेल लावली तेव्हां मनुष्याचा स्वभाव बदललेला नव्हता, हें त्याच्या पुढच्याच कथेवरून दिसतें. वेल मात्र लावली गेली.

आतां व्यवस्थेविषयीं दोन शब्द, म्हणजे नंतर विचारणा नको. येत्या शुक्रवारीं सकाळीं सहा ते नऊ व सायंकाळीं पांचपासून पापनिवेदनासाठीं चार धर्मगुरु बसतील. मराठी, हिंदी, तमिळ व मल्याळम् या भाषांची सोय केली आहे. ज्यांचें कोणाशीं बोलणें तुटलें आहे त्यांनीं शक्य तर आधीं त्या घरीं जाऊन यावें, रांगेंत उशीर झाला तरी चालेल. ज्यांस पुष्कळ वर्षांचा खंड पडला आहे, शब्द आठवत नाहींत, त्यांनीं संकोच न करितां शेवटीं यावें. त्यांच्यासाठीं आम्ही स्वतः थांबणार आहों. रोषणाई शुक्रवारीं लावूं नये असें मंडळास सांगितलें आहे. देवळाचें दार रात्रीं दहापर्यंत उघडें राहील.